तबकडी फुटली का?

मातीची तबकडी हवेत फुटली की नाही, एवढंच सांगायचं माझं काम. ऐकायला सोपं आहे. तबकडी सोडायची खूण म्हणून नेमबाज मुलगी ओरडते, यंत्रातून केशरी तबकडी सुसाट सुटते, बंदुकीचा बार होतो. डोळ्यांना दिसेल असा एक जरी तुकडा पडला तर गुण, नुसती धूळ उडाली तर नाही. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, आणि पंच म्हणून मला लगेच बोलावं लागतं.

खडकीला नोकरीत होतो तेव्हापासून मी या खेळात पंच आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात आली आणि त्यात माझं नाव लागलं, तेव्हा निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली होती आणि डोळ्यांवर साय धरायला लागली होती.

बायकोच्या हे आधीच लक्षात आलं होतं. "मंडईतून पिवळी कोथिंबीर उचलून आणता आणि निघालात जगाचा न्याय करायला," ती म्हणाली. "अहो, आधी डॉक्टरांकडे चला." मी म्हटलं, स्पर्धा होऊन जाऊ दे. इतकी वर्षं गावोगावच्या मैदानांवर उन्हात उभा राहिलो होतो. ही एक संधी हातची घालवायला मी तयार नव्हतो.

पंचाला डोळे तपासल्याचा दाखला द्यावा लागतो. खडकी बाजारातल्या ज्या चष्मेवाल्याकडे मी वर्षानुवर्षं जातो, त्याच्या भिंतीवरचा तक्ता कधी बदललेला नाही. खालची ओळ मला पाठ होती. ती मी खुर्चीत बसून घडाघडा म्हटली. "काका, नजर अजून तरुण आहे," तो कौतुकाने म्हणाला. मी दाखला खिशात घालून बाहेर आलो.

तरी मी निभावून नेईन असं मला वाटत होतं, कारण माझ्याकडे एक युक्ती होती. तबकडी नीट दिसली नाही तर मी नेमबाजाच्या खांद्यांकडे बघायचो. नेम लागला की खांदे सैल पडतात, चुकला की क्षणभर ताठ राहतात. वर्षभर सराव सामन्यांत मी यावरच भागवलं होतं आणि कोणालाही संशय आला नव्हता.

महिलांच्या पात्रता सामन्यातल्या शेवटच्या फेरीला मला उभं केलं. सहा मुली, ओळीने पाच जागा, सहावी मागे थांबलेली. एक बार झाला की पुढची मुलगी. समोरच्या टेकडीवर ऊन असं आलं होतं की केशरी रंग मातीत विरून जायचा. प्रत्येक बाराला मी मनात म्हणायचो, ही एवढी दिसू दे. दिसायची. कधी दिसायची नाही, मग खांदे.

शेवटची तबकडी आपल्या देशाच्या मुलीची होती. ती फोडली तर अंतिम फेरी, नाहीतर घरी. ती ओरडली, बार झाला आणि मला काहीही दिसलं नाही. मी तिच्या खांद्यांकडे पाहिलं. ते हललेच नाहीत. कोणत्या प्रशिक्षकाने शिकवलं होतं कोण जाणे, लागो वा न लागो, ती पुतळ्यासारखी उभी राहायची. माझ्या तोंडून निघून गेलं, "गेली," म्हणजे नेम चुकला.

डावीकडच्या सहायक पंचाने हात वर केला. माझ्या मुलीच्या वयाची, माझ्याच हाताखाली शिकलेली ती बाई. सहायकाने हात वर केला की मुख्य पंचाने जाऊन विचारायचं, पण शेवटचा निर्णय मुख्य पंचाचाच. मी दहा पावलं चालत तिच्यापर्यंत गेलो.

"सर, तुकडा पडला. उजवीकडे. मी स्वच्छ पाहिला," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला?"

"मला दिसली नाही," मी म्हणालो. "तबकडीच दिसली नाही."

मी परत जाऊन गुण दिला. मुलगी अंतिम फेरीत गेली, टाळ्या वाजल्या. मी सरळ स्पर्धेच्या पंचप्रमुखांकडे गेलो आणि डोळ्यांचं सांगून टाकलं. त्यांनी त्याच मिनिटाला अंतिम फेरीसाठी दुसरा पंच नेमला. अपमान झाला, पण छातीवरचं ओझं उतरलं. एका मुलीचं नुकसान होता होता टळलं, याचा मला खरंच आनंद झाला होता.

मग ती सहायक चहा घेऊन आली. माझ्या शेजारी बसली, पण चहा तिने हातातच धरून ठेवला.

"सर, मगाशीही एकदा मला तुकडा दिसला होता. तिसऱ्या जागेवर, निळ्या जाकिटातल्या मुलीचा. तुम्ही 'गेली' म्हणालात." तिने मान खाली घातली. "म्हटलं, सर आहेत, त्यांना नीट दिसलं असेल. सरांसमोर कसा हात वर करायचा? म्हणून नाही केला."

पुढचा बार झाला की मागचा निर्णय बदलत नाही. निळ्या जाकिटातली मुलगी एका तबकडीने बाहेर गेली होती.

ती मला गाडीतळाजवळ दिसली. कुठल्या लांबच्या देशातून आलेली, विशी-बाविशीची. बंदूक पेटीत ठेवत होती, डोळे रडून लाल झाले होते. खरं काय ते सांगायचंच असं ठरवून मी तिच्यासमोर उभा राहिलो. मला पाहताच तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला. या खेळात फेरी संपली की पंचाशी हात मिळवायची रीत आहे.

"थँक यू, सर," ती म्हणाली. "आय मिस्ड वन."

मी तिचा हात हातात घेतला. खरं सांगायची मला इतकी भीती वाटली की मी नुसती मान डोलावली.