गौरी उठली त्या सकाळची गोष्ट

गेल्या महिन्यात करकंबहून आईचा फोन आला. गौरी, आमची जर्सी गाय, गोठ्यातल्या ओल्या कोब्यावर घसरली होती... मागचे दोन्ही पाय फाकले आणि ती जी बसली ती उठेचना. मी ऑफिसात रजा टाकली आणि सोलापूरहून निघाले.

डॉक्टर तपासून म्हणाले, "हाड शाबूत आहे, पण मांडीचे स्नायू फाटलेत. दर चार तासांनी कूस बदला, रोज आधार देऊन उभी करा. अशीच पडून राहिली तर हातची जाईल."

पण करणार कोण? बाबा गेल्यापासून घरात आई एकटीच. आम्ही दोघींनी उसाच्या पाचटाची जाड गादी केली, पाय पुन्हा फाकू नयेत म्हणून ते सुती पट्ट्याने सैल बांधले. कूस मात्र काही केल्या बदलेना... गौरी नुसती आमच्याकडे बघत राहायची.

शेजारी नामदेवकाका. तीन वर्षांपूर्वी बांधावरून वाद झाला, तेव्हापासून बोलणं बंद. मी गावातून माणसं बोलवू म्हणाले, तर आई डोक्यावरचा पदर सारखा करून सरळ त्यांच्या दारात गेली. मी मागोमाग.

"भावजी, गाय उठंना झालीया. हात लावायला या की."

 काका चपला शोधत म्हणाले, "दोन दिस झालं पडून, आन् आता सांगताय व्हय, वैनी?"

त्या दिवसापासून काका-काकू रोज यायचे. काकांनी गोठ्याच्या तुळईला चेन-पुली बांधली, पोटाखालून पोत्यांचा झोळा घातला. काकू कोमट पाण्याने मांड्या शेकायच्या... गौरी जरा वेळ लटकायची, थरथरायची, पुन्हा बसायची. सात-आठ दिवस असेच गेले.

पडल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी आम्ही झोळा घालायला गेलो, तर गौरी स्वतःच धडपडत उभी राहिली! पाय लटपटत होते, पण उभी होती. आईने तिच्या गळ्यात हात टाकला आणि रडली. काका पुली सोडता सोडता एवढंच म्हणाले, "लई जिद्दीची हाय."

गौरी अजून थोडी लंगडते, पण चालते, रवंथ करते.

मदत करायला मोठं मन लागतं, हे ऐकून होते... मदत मागायलाही तेवढंच मोठं मन लागतं, हे आईकडे बघून कळलं.