प्रयोगाचा शेवटचा दिवस

सुतारकाम करताना माळ्यावरून पडला, तेव्हापासून वसंतदादाला, माझ्या थोरल्या भावाला, कमरेखाली काही जाणवत नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं आणि तो त्यांच्या प्रयोगात सामील झाला. वर्षभर मीच त्याची चाकाची खुर्ची ढकलत नेली. बाई त्याच्या पाठीला विजेचा हलका प्रवाह द्यायच्या आणि स्वतः फरशीवर मांडी घालून तासभर त्याच्या पावलांकडे बघत राहायच्या. कुणाच्या पावलांकडे इतक्या आस्थेनं बघणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "वसंतराव, खोटं बोलणार नाही. तुमच्या पायांत फरक पडला नाही."

दादानं एकदा स्वतःच्या पावलांकडे पाहिलं.

"तुम्हाला काही कळलं का पण?" त्यानं विचारलं.

"पुष्कळ कळलं. प्रवाह कुठे अडतो ते कळलं. पुढच्या पेशंटच्या वेळी जागा बदलून बघणार आहे."

संशोधन पुढे कसं सरकतं, ते मला त्या खोलीत दिसलं.

"मग त्या पेशंटच्या पहिल्या दिवशी मला बोलवा," दादा म्हणाला. "फार भीती वाटते हो. मी शेजारी बसेन."