रेडियमच्या खाटेभोवतीची रेघ

"ऊठ! बाहेर निघ आधी!" मी ओरडले. माझा आवाज असा, की अमरावतीत शिंकले तर बडनेऱ्याला गाडी थबकावी. पण आपल्या आईच्या खाटेला चिकटून बसलेली ती लेक हलेना. सहावा महिना, नेसूला सोवळ्याचं रेशमी लुगडं, केसांतून पाणी निथळतंय.

तिच्या आईला गर्भाशयाचा कर्करोग. आत रेडियमच्या नळ्या ठेवलेल्या, त्या काढेपर्यंत उताणं पडून राहायचं. त्या नळ्यांची शिशाची डबी सुपारीएवढी, पण वजन असं, की उचलताना हमालाचं धोतर सुटलं. नळ्यांतून निघतं ते दिसत नाही. कापडातून, कातडीतून आरपार जातं. रोग जाळतं, तसं पोटातलं लेकरूही सोडत नाही. म्हणून खाटेभोवती मी चुन्याची रेघ मारली होती. आम्ही नर्साही काम उरकलं की रेघेबाहेर. गरोदर बाईनं तर खोलीचा उंबरठाच ओलांडायचा नाही.

हे सगळं मी लेकीच्या वडिलांना, अकोल्याच्या वकीलसाहेबांना, बजावलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि मनात धरलं काय, तर रेघेच्या आत सोवळं! मी खाली सुया-कात्र्या उकळायला गेले, तेवढ्यात लेकीला नळाखाली नाहायला लावून आत पाठवली.

दंडाला धरून मी तिला बाहेर काढलं.

"बाई, आवाज खाली," वकीलसाहेब म्हणाले. "आंघोळ करून गेली ती. आम्ही काही अडाणी नाही."

"रेडियमले आंघोळ समजते काय? गंगेत बुचकळून आणा, तरी जाळते ते!"

"तुम्ही तर रोज जाता. तुम्हाला काय झालं?"

मी दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले. बोटांची कातडी सोलली होती. त्यांनी उपरण्यानं नाक झाकलं. विटाळ होईल म्हणून!

डॉक्टरसाहेब आले. ती किती वेळ आत होती, कोणालाच सांगता येईना. "बाळाला धोका आहे की नाही, आज सांगता येणार नाही," ते इंग्रजीत बोलले, आणि वकीलसाहेब मटकन बाकावर बसले. मराठीतून सांगितलेलं रेडियम त्यांना बहुधा खोटं वाटत असावं.

माझा राग उरला होताच. तो लेकीवर काढला. "अन् तू वं? पोटात लेकरू घेऊन काऊन गेली आत?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई पाणी मागून राहिली होती. द्यायले कोणी नव्हतं."