दुबईच्या वाऱ्यात सिक्सर चालत नाही

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. पुढच्या आठवड्यात दुबईत क्लायंटबरोबर गोल्फ आहे आणि बॉसला "हो, खेळतो की" असं मीच सांगून बसलोय. आयुष्यभर खेळलोय फक्त टेनिस बॉल क्रिकेट!

म्हणून आज, मी राहतो त्या ग्लासगोजवळच्या गोल्फ कोर्सवर, शेजारच्या डॉक्टर काकांनी शिकवणी घेतली. मी प्रत्येक बॉल उंच उचलला आणि वाऱ्याने तो झुडपात नेऊन टाकला.

काका वैतागले. "अरे, वारा समोरून आला की जोर कमी कर, बॉल खाली ठेव. दुबईत हिरवळीबाहेर नुसती वाळू असते. भोकातला झेंडा विसर, हिरवळीच्या मधोमध मार."

शेवटचा बॉल अगदी मधोमध गेला. मी खूश!

काका म्हणाले, "छान. आता बॉसला खरं सांग."

तीनदा फोन लावून कट केलाय. तुम्ही सांगितलं असतं?