राखणदाराची मिनिटं

चहाच्या आधी पाणी. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं. वाटेत कुणाचा कागद पडलेला दिसला तर आधी वाचायचा, मग खिशात घालायचा. ब्रश धुतला की बुटाच्या टाचेला पुसायचा. आणि फेरीला निघण्याआधी मनगट कानाशी नेऊन घड्याळ चालू आहे ना, ते ऐकायचं.

राखणदारकाकांच्या या सवयी तिकीट खिडकीतल्या मुलीला पाठ होत्या. साहित्याची पदवी घेऊन ती तिकिटं फाडायला आली, त्या दिवशी काका म्हणाले होते, "चला, पाट्यांवरचं शुद्धलेखन तरी सुधारेल." याला तीन वर्षं झाली. आणि काका गेले त्याला नऊ दिवस.

दहाव्या दिवशी सकाळी कार्यालयातून कागद आला. पाट्यांवरची मिनिटं चुकीची आहेत, सोबतच्या यादीप्रमाणे दुरुस्त करावीत. रंगवणारं दुसरं कुणी नव्हतं. काम तिच्यावर आलं.

रान लहानसंच. मधे तळं, तळ्याकाठी पक्षी बघायची झोपडी. फाटकाबाहेर पडलं की चालत जाण्याजोगी आणखी दोन ठिकाणं, दगडी पूल आणि ओढ्यावरची जुनी गिरणी. प्रत्येक वाटेच्या सुरुवातीला काकांच्या हातची पाटी. तिच्यावर मीटर नसत, मिनिटं असत. "मीटर पायांना कळत नाहीत," काका म्हणत. दरवर्षी हंगामाआधी ते पाट्या नव्याने रंगवत. आधी ठिकाणाचं नाव लिहायचं, मग 'मिनिटं' हा शब्द, मधे आकड्यापुरती जागा सोडायची. मग स्वतः चालून यायचं आणि घड्याळात आलं तेवढंच भरायचं. गेल्या वर्षीचा आकडा गिरवून टाकणं त्यांना चोरी वाटे. लोक त्यांना मिनिटकाका म्हणत.

यंदा तळ्याच्या आठ मिनिटांची अकरा झाली. पुलाच्या बाराची एकोणीस.

"काका, पूल सरकला की काय?" नेहमी येणारे एक मास्तर म्हणाले.

"म्हातारा झालाय बिचारा. होतो इकडेतिकडे," काका म्हणाले.

मुलीनेही सोडलं नाही. "वाटेत गप्पा छाटत बसता, ती मिनिटं धरायची नसतात."

"गप्पा मारायला तिथे झाडंच आहेत. ती तुझ्यासारखी उलट बोलत नाहीत."

हसता हसता त्यांनी खिडकीची कड धरली होती. बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले. कुठेतरी जायची घाई आहे, असं तिला वाटलं.

मग एकाने तक्रारवहीत लिहिलं. साहेबांचा फोन आला, तो तिनेच घेतला. "काय चाललंय तुमच्या राखणदाराचं?"

"मनाला येईल ते लिहितात हो, साहेब," ती हसत म्हणाली. "वय झालंय."

साहेब हसले नाहीत. सोमवारच्या आत सगळी अंतरं पुन्हा मोजा, आणि फेरी झेपत नसेल तर तसं लेखी द्या, असा निरोप काकांना आला. काकांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. "फेरी न मारणारा राखणदार कशाला पोसतील," एवढंच म्हणाले. शनिवारी दुपारी मनगट कानाशी नेलं आणि गिरणीच्या वाटेला लागले. ती वाट सगळ्यात लांब, आणि चढाची.

चढाच्या मध्यावर, दगडाला टेकून बसलेले सापडले. घड्याळ चालू होतं.

दुरुस्तीचा कागद आला त्याच दुपारी काकू फाटकाच्या किल्ल्या परत करायला आल्या. खिडकीपाशी उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"चढ चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले. तुला ठाऊकच असेल."

"नाही, काकू."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मला तर म्हणाले, खिडकीतल्या पोरीला सगळं सांगितलंय. माझ्यावर लक्ष ठेवून असते."

किल्ल्या तिने मोजल्याशिवाय ठेवून घेतल्या.

काकू गेल्यावर ती फाटकाजवळच्या पाटीपाशी गेली. पांढऱ्या रंगाखाली जुना आठ पुसट दिसत होता, वर अकरा. सहा महिने ते तोंडाने काही बोलले नव्हते. पाटीवर मात्र त्यांना खोटं लिहिता आलं नव्हतं. ती रोज त्याच पाटीसमोरून आत यायची, आणि शुद्धलेखन तपासायची.

यादी हातात घेऊन ती पुलापर्यंत चालून आली. बारा मिनिटं लागली. यादीतही बाराच होती. परत येऊन तिने एकोणीसवर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला, बारा लिहिले. आकडे वाकडे आले. तळ्याचे आठही लिहून झाले.

तिसरी पाटी अवजारांच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवली होती. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, शेजारी बुटाच्या टाचेला पुसलेला ब्रश. यादीत गिरणीपुढे अठरा होते. तिने डबा उघडला, ब्रश बुडवला आणि पाटीपुढे उकिडवी बसली. 'जुनी गिरणी' लिहून वाळलं होतं. 'मिनिटं' लिहून वाळलं होतं. मधे काकांनी पेन्सिलीने दोन बारीक रेघा मारल्या होत्या आणि दोन आकड्यांपुरती जागा सोडली होती.