दसऱ्यानंतरची झड

आमच्याकडे पावसाळ्याआधी पडवीला झड बांधतात. नारळाच्या झावळ्या विणून केलेला पडदा तो, समुद्राकडून येणारी सर अडवतो. दसरा आला की झड उतरवायची, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही कळतं. आमच्या कचेरीला कळत नव्हतं.

ऐंशीच्या दशकात मी मालवणजवळच्या एका पंचायतीच्या कचेरीत कारकून होते. तारकर्लीहून एसटीने यायची. कचेरीच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांवर झड होती आणि ती बारा महिने तशीच असायची, कारण बांधायला मंजुरी होती, काढायला नव्हती. बाहेर उन्हाने डोळे दिपत आणि आत आम्ही भर दुपारी ट्यूब लावून, पंखे गरगरवत बसायचो. अशात वरून परिपत्रक आलं: दिवसा वीज जाळू नये, उपाय सुचवावेत. ते वाचायलाही ट्यूब लावावी लागली.

साहेबांनी उपाय लिहायचं काम माझ्यावर ढकललं. मी एकच ओळ लिहिली, झड काढावी. त्यांनी ती खोडली. "बाई, ती कार्यालयाची मालमत्ता आहे. काढली तर जाब कोण देणार?" मग कर्मचाऱ्यांनी काटकसरीची सवय लावून घ्यावी, असं काहीतरी गुळमुळीत वर गेलं. माझं डोकंच फिरलं.

आमचा शिपाई रोजंदारीवर होता. त्याला कायम करण्याचा कागद नुकताच वर गेला होता आणि त्याचं अख्खं घर त्यावर डोळे लावून बसलं होतं. हे ठाऊक असूनही मीच त्याला म्हटलं, "उतरवा ती झड. मी बघते काय ते."

"घरची आमी दसऱ्याक काढतंव. ही कित्याक ठेवची?" तो म्हणाला आणि शनिवारी दुपारी त्याने कोयत्याने दोऱ्या तोडल्या.

सोमवारी कचेरीत वारा आला. ट्यूब बंद, पंखे बंद. साहेबसुद्धा खिडकीशी खुर्ची ओढून बसले. पंधरवडा असा गेला. मग तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, इथली झड कुठे आहे? साहेबांनी शिपायाला समोर उभं केलं. कुणी सांगितलं होतं तुला?

"कोणी नाय. माकाच वाटला."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात माझ्या जिभेला सगळे टरकून असत, आणि तिथे मी मूग गिळून बसले. नोकरी नवी होती, असं मी पुढे लोकांना सांगत आले. खोटं आहे ते. मी भ्याले.

साहेब त्याला उद्यापासून येऊ नको म्हणाले. कायम करण्याचा कागद परत आला. त्या महिन्यात विजेचं बिल उतरलं म्हणून साहेबांना वरून कौतुकाचं पत्र आलं. पुढच्या पावसाळ्यात नवी झड बांधली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तो शिपाई कट्टा गावच्या बाजारात दिसला, कुणाच्या तरी दुकानात पोती उचलत होता. मी तोंड चुकवायच्या आत त्यानेच हाक मारली.

"बाय, बरां मां? कचेरीत आता उजेड आसा मां?"

झड अजून उतरलेली नव्हती. सकाळी येऊन मीच ट्यूब लावायची.

"आसा," मी म्हटलं.