दीर्घिका आणि मोटारीच्या खोलीवरचा बल्ब

वलगावच्या शेतात दादा गव्हाला रात्रीच पाणी देतो, कारण मोटारीची लाईन रात्रीच येते. कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून मोटारीच्या खोलीबाहेरच्या बल्बचं बटण कायम चालू असतं. लाईन आली की बल्ब पेटतो, बाजेवर निजलेल्या दादाच्या डोळ्यांवर उजेड येतो, आणि तो उठून मोटार सुरू करतो. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी त्या रात्री तो बल्ब मी काढला.

अमरावतीहून दुर्बीण आणली होती. एम-७७ ही सर्पिल दीर्घिका मला टिपायची होती. तिचं केंद्र इतकं तेजस्वी की तेच फोटोत पांढरंफटक होतं आणि भोवतीच्या वळणदार भुजा बुडून जातात. म्हणून केंद्रासाठी कमी वेळाचे, भुजांसाठी जास्त वेळाचे, असे पुष्कळ फोटो घेऊन एकावर एक रचावे लागतात. मध्येच बल्ब पेटला तर सगळं वाया. थोडे फोटो झाले की लावू, म्हणून तो खिशात टाकला. दादा निजला होता. त्याला उठवून विचारलं नाही.

मग विसरलोच. लॅपटॉपवर फोटो रचले जात होते आणि धुरकट डागातून आधी एक भुजा उलगडली, मग दुसरी. राहवेना, दादाला हलवून उठवलं.

तो घोंगडी पांघरून लॅपटॉपवर वाकला. "मधात एवढा उजेड कायचा?"

"कृष्णविवर आहे दादा. त्यात पडणारा वायू तापून पेटतो."

"म्हणजे तिथची लाईन आली. आपली कुठी गेली मंग?" तो वळला आणि रिकाम्या होल्डरकडे बघत राहिला. "बल्ब तू काढला का बे?"

मी खिशातून काढून दाखवला.

"लाव."

होल्डरमध्ये फिरवताच तो पेटला. लाईन केव्हाची आली होती. दादा मोटारीकडे गेला. लाईन गेली तेव्हा अर्धा गहू कोरडाच होता.

दुसऱ्या रात्री दुर्बीण घरी ठेवून गेलो आणि फावडं घेऊन वाफ्यांना पाणी द्यायला उभा राहिलो. भुजा डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. मान सारखी वर जात होती.

"वर काय पाहून राहिला?" दादा बांधावरून ओरडला. "वाफा फुटला तिकडं."